वाचक विचारतात : हेड ऑफिसला ‘नको’ कोण सांगणार?

परदेशी कंपन्यांसाठी आशियात पीआरचं, म्हणजे जनसंपर्काचं, काम कसं चालतं, यावर मागच्या अंकात मी सिंगापुरातून लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. पत्रं थोडी आटोपती घेतली आहेत. एक सज्जन माझ्या अख्ख्या धंद्यावरच रागावलेत. त्यांचं पत्र मात्र जवळजवळ जसंच्या तसं ठेवलंय.

ताई, मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारितेचा अभ्यासक्रम पूर्ण केला. सिंगापूरच्या एका पीआर कंपनीत ‘रीजनल अकाउंट एक्झिक्युटिव्ह’ म्हणून ऑफर आली आहे. क्लायंट युरोप-अमेरिकेतले आणि काम ‘एपॅक’चं, म्हणजे आशिया-पॅसिफिकचं. आई-बाबा विचारतात, जाहिरातीचंच काम ना? मला नीट सांगता येत नाही. तिथे रोज नेमकं काय करावं लागेल? — एक वाचक, पुणे

अभिनंदन! आई-बाबांना सांग, जाहिरातवाले पैसे मोजून जागा घेतात. आपण जागा मागतो, आणि ती द्यायची की नाही हे समोरचा बातमीदार ठरवतो. म्हणून ‘नक्की छापून आणतो’ असं क्लायंटला सांगणारा बॉस भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा.

आता रोजचं काम. सकाळी आल्या आल्या मेल. युरोपातला माणूस त्याच्या संध्याकाळी सगळं पाठवून मोकळा झालेला असतो, आणि तेव्हा आपली मध्यरात्र असते. मग कव्हरेजचा तक्ता. जकार्ता, बँकॉक, मनिला, हो ची मिन्ह सिटी इथल्या स्थानिक एजन्सींनी पाठवलेली कात्रणं एका एक्सेल शीटमध्ये भरायची आणि प्रत्येकाखाली दोन ओळींत इंग्रजी सारांश द्यायचा. पहिलं वर्ष बरंचसं या शीटमध्येच जाईल. कंटाळू नकोस. कोणता पेपर काय उचलतो आणि काय कचऱ्यात टाकतो, हे तिथेच कळतं.

दुसरं काम प्रेस नोटचं. ती हेड ऑफिसहून तयार होऊन येते. पहिल्या परिच्छेदात चार विशेषणं, दुसऱ्यात सीईओंना झालेला अत्यानंद. ती भाषांतराला पाठवण्याआधी कापायची, आणि कापल्याचं हेड ऑफिसला पटवायचं. टोकियोच्या बातमीदाराला सीईओंच्या आनंदाशी कर्तव्य नसतं. त्याला आकडा, तारीख आणि जपानमधला गिऱ्हाईक हवा असतो. शिवाय तिथे ‘किशा क्लब’ आहेत. मंत्रालयं, पोलीस, शेअर बाजार अशा ठिकाणी बातमीदारांच्या स्वतःच्या खोल्या असतात, आणि तिथल्या खणांत छापील नोट नेऊन टाकायची पद्धत अजून आहे. टोकियो शेअर बाजारातला असा क्लब ‘काबुतो क्लब’. मिनिआपोलिसमध्ये बसलेल्या मार्केटिंगप्रमुखाला ‘तुमची नोट आम्ही एका लाकडी खणात टाकली’ हे ईमेलवर समजावून सांगणं, हाही तुझ्या पगाराचा भाग.

तिसरं काम घड्याळाचं, आणि भांडणं याच्यावरच जास्त होतात. समज, अमेरिकन क्लायंटला न्यूयॉर्कमध्ये सकाळी ९ ला बातमी द्यायची आहे. उन्हाळ्यात तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, सिंगापुरात रात्रीचे ९ आणि टोकियो-सोलमध्ये १०. तिथल्या पेपरांची बिझनेसची पानं तोवर लागलेली असतात. उद्याच्या अंकात बातमीला जागा मिळत नाही आणि परवा ती शिळी झालेली असते. उपाय म्हणजे ‘अमुक वेळेआधी छापू नका’ या बोलीवर नोट आधी देऊन ठेवणं. नवीन उत्पादन असेल तर हे जमतं. पण शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे निकाल किंवा खरेदी-विक्रीचा व्यवहार असेल तर अशी निवडक लोकांना आगाऊ खबर देता येत नाही, कायद्यात अडकशील. या दोन्हींतला फरक पहिल्याच महिन्यात क्लायंटच्या वकिलाकडून समजून घे.

हेड ऑफिसच्या शीटमध्ये ‘एपॅक’ हा एकच रकाना असतो. तुला दिसतील ते मात्र सगळे वेगळे बाजार. कोरियात लोक बातम्या नेव्हर या तिथल्या पोर्टलवर वाचतात. व्हिएतनाममध्ये प्रत्येक वृत्तसंस्थेच्या डोक्यावर कुठलं ना कुठलं सरकारी किंवा पक्षाचं खातं असतं. एवढ्याशा सिंगापुरातही ‘स्ट्रेट्स टाइम्स’, चिनी ‘लिआनहे झाओबाओ’, मलय ‘बेरिता हारियान’ आणि ‘तमिळ मुरसु’ या चौघांना चार वेगळ्या गोष्टी लागतात. १३ ऑक्टोबर २०१६ ला थायलंडचे राजे भूमिबोल वारले. सरकारने लोकांना महिनाभर समारंभ टाळायला सांगितलं, आणि कंपन्यांनी आपल्या वेबसाइट काळ्या-पांढऱ्या केल्या. त्या आठवड्यात बँकॉकमध्ये ज्यांचे रंगीत सोहळे ठरले होते त्यांच्या हेड ऑफिसला रात्रीतून फोन करून ‘सगळं थांबवा, लोगोचा रंगसुद्धा काढा’ असं कोणीतरी सांगितलं असणार. तो फोन करणारा माणूस म्हणजे आपला धंदा.

उलट उदाहरण २०१८ चं. डोल्चे अँड गब्बाना या इटालियन कंपनीने शांघायच्या मोठ्या शोआधी एक व्हिडिओ काढला. त्यात एक चिनी मुलगी काड्यांनी पिझ्झा खायला धडपडते आणि एक पुरुषी आवाज तिला शिकवतो. चीनमध्ये संताप उसळला. त्यातच मालकांपैकी एकाच्या इन्स्टाग्रामवरून गेलेले अपमानकारक मेसेज बाहेर आले. खातं हॅक झालं होतं, असं कंपनीने सांगितलं. २१ नोव्हेंबरचा शो त्याच दिवशी रद्द करावा लागला, चिनी शॉपिंग साइटवरून माल उतरला, आणि दोन दिवसांनी दोन्ही मालकांनी कॅमेऱ्यासमोर बसून माफी मागितली. असा व्हिडिओ बाहेर पडण्याआधी अडवायचे पैसे आपल्याला मिळतात. बाकी शीट कोणीही भरतं.

एक व्यवहाराची गोष्ट. तुझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे सिंगापुरात काम करायचा परवाना, कंपनीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की पासही जातो. घराचा करार करताना, मुदतीआधी घर सोडता येईल असं कलम घालून घे.

आमची शिरोली एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे. जकार्तात नवा डीलर नेमला आहे, तिथे पत्रकार परिषद घ्यायची आहे. तिथल्या एजन्सीच्या कोटेशनमध्ये ‘पत्रकारांचा प्रवासखर्च, ३० जण’ अशी ओळ आहे. एजन्सी म्हणते, सगळेच देतात. माझे भागीदार म्हणतात, मग देऊन टाका. हे पाकीटच ना? — एक उद्योजक, कोल्हापूर

हो, पाकीटच. तिकडेही त्याला पाकीटच म्हणतात, ‘आम्प्लोप’. चीनमध्ये तेच ‘गाडीघोड्याचे पैसे’ या नावाने लाल लिफाफ्यात येतं. फिलिपाइन्समधल्या पत्रकारांनी तर या प्रकाराला ‘एन्व्हलपमेंटल जर्नलिझम’ असं नाव देऊन स्वतःचीच टर उडवली आहे. आपण नाक मुरडायचं कारण नाही. २००९ च्या निवडणुकांनंतर प्रेस कौन्सिलला पेड न्यूजची चौकशी करावी लागली, तेव्हा महाराष्ट्राचं नाव त्यात ठळक होतं.

एजन्सी खोटं बोलत नाहीये, हेही मान्य करू. पुष्कळ जण देतात. लहान पोर्टलवरच्या बातमीदाराचा पगार तुटपुंजा असतो, काहींना तर बातमीमागे पैसे मिळतात, आणि जकार्ताच्या रहदारीत एका पत्रकार परिषदेत अर्धा दिवस जातो. म्हणून ‘प्रवासखर्च’ हा शब्द अगदीच हवेतून आलेला नाही. पण ‘सगळेच’ हे खरं नाही. हुकूमशहा सुहार्तोंच्या काळात, १९९४ मध्ये, तिथल्या पत्रकारांनी सरकारमान्य संघटनेला न जुमानता ‘आजी’ नावाची स्वतंत्र संघटना काढली. तिची पाकिटाविरुद्धची भूमिका स्पष्ट आहे. तिथल्या प्रेस कौन्सिलने, म्हणजे ‘देवान पर्स’ने मान्य केलेल्या आचारसंहितेच्या सहाव्या कलमातही पत्रकाराने लाच घेऊ नये असं लिहिलंय. ‘कोम्पास’ किंवा ‘टेम्पो’च्या बातमीदाराच्या हातात तुम्ही लिफाफा ठेवलात तर तो परत येईल, आणि तुमची बातमी मात्र त्या लिफाफ्याबरोबर गेलेली असेल. ज्यांच्याकडे छापून यावं असं तुम्हाला वाटतं, नेमके तेच दुखावले जातात.

कायद्याचं बघायचं तर कोरियाने २०१६ च्या सप्टेंबरपासून पत्रकारांनाही लाचविरोधी कायद्याखाली आणलं. जेवणाचीसुद्धा मर्यादा ठरवली. आधी ३० हजार वॉन होती, २०२४ मध्ये ५० हजार झाली. सोलमध्ये बातमीदाराला जेवायला नेताना आम्ही मेन्यूकार्ड आधी उजव्या बाजूने वाचतो. ब्रिटनचा २०१० चा लाचविरोधी कायदा खाजगी माणसाला दिलेली लाचही मोजतो. अमेरिकेचा १९७७ चा कायदा परदेशी सरकारी माणसांपुरता आहे, पण चीन-व्हिएतनाममध्ये बहुतेक माध्यमं सरकारचीच, तेव्हा तिथला बातमीदार त्या व्याख्येत सहज बसू शकतो. हे कायदे कोल्हापूरच्या कंपनीला थेट लागू नसतीलही. पण उद्या अमेरिकन किंवा ब्रिटिश गिऱ्हाईक आला की त्याच्या करारात ‘आम्ही कोणालाही असे पैसे देत नाही’ ही ओळ असते, आणि खाली सही तुमची असते.

तर ती ओळ खोडा. खोडून झाल्यावर कोटेशन पुन्हा वाचा, कारण ती ‘ऑपरेशनल’ किंवा ‘किरकोळ’ या नावाने दुसरीकडे उगवते. प्रत्येक खर्चाचं मूळ बिल मिळाल्याशिवाय पैसे देणार नाही, हे एजन्सीशी आणि डीलरशीही लेखी करून घ्या. डीलर आपल्या खिशातून देईल आणि कमिशनमध्ये वसूल करेल, हे मी पाहिलेलं आहे.

मग बातमीदार येतील का? ३० येणार नाहीत, आणि पंपाच्या सुट्या भागांसाठी ३० कशाला हवेत? आठ-दहा जण बोलवा, उद्योग आणि बांधकाम या विषयांवर लिहिणारे. जागा सुदिरमानसारख्या मध्यवर्ती रस्त्यावर घ्या, मेट्रोपासून चालत येता येईल अशी. स्टेशनवरून गाडीची सोय हवी तर सगळ्यांसाठी एकच बस ठेवा, रोख पैसे नकोत. चांगलं जेवण द्या. शुक्रवारची दुपार टाळा, नमाजाची वेळ असते. रमजानमध्ये करायचंच असेल तर दिवसा करू नका, रोजा सोडायच्या वेळी बोलवा. तिथे तशी पद्धतच आहे आणि गप्पाही मोकळ्या होतात. नोट इंडोनेशियन भाषेत हवी आणि तीत तिथला एखादा कारखाना हवा, ज्याचा पंप तुमच्या भागावर चालतो. शिरोलीच्या फाउंड्रीची थोरवी तिसऱ्या परिच्छेदात चालेल.

आणि दारावर नोंदणीला एक खमका माणूस बसवा. न बोलावता येऊन लिफाफा मागणाऱ्या तोतया पत्रकारांना तिकडे एका डोकेदुखीच्या गोळीच्या नावावरून ‘बोड्रेक्स’ म्हणतात. ते घोळक्याने येतात. देवान पर्सकडे पडताळलेल्या माध्यमांची यादी असते. ती एजन्सीला आदल्या दिवशी छापून ठेवायला सांगा.

नागपुरात आमचा मसाल्यांचा छोटा उद्योग आहे, थोडी निर्यात होते. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्यांवर कारवाई केली, तेव्हापासून तिथला बायर ‘तुमचा क्रायसिस प्लॅन दाखवा’ म्हणतो. जपानी कंपन्यांचे मालक कमरेत वाकून माफी मागतात तसं करावं, असं माझा मुलगा म्हणतो. आमचे वकील म्हणतात, तोंडच उघडू नका. कोणाचं ऐकू? — एक वाचक, नागपूर

आधी दोघांनाही बाजूला ठेवा आणि त्या एप्रिलमध्ये काय झालं ते पाहा. ५ एप्रिल २०२४ ला हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने एमडीएचच्या तीन आणि एव्हरेस्टच्या एका मसाल्यात इथिलीन ऑक्साइड हे कीटकनाशक रसायन आढळल्याचं जाहीर केलं. १८ तारखेला सिंगापूरच्या अन्न यंत्रणेने एव्हरेस्टचा फिश करी मसाला परत मागवायला सांगितलं. म्हणजे जगाला पहिली खबर सरकारी वेबसाइटवरून लागली. तुमच्याही बाबतीत तसंच होईल. तिथे आधीच छापलेल्या मजकुराशी तुमचं पहिलं वाक्य जुळलं पाहिजे. मग ‘आमची सर्व उत्पादनं सुरक्षित आहेत’ हे वाक्य काय कामाचं? वाचणारी बाई हातात पुडी घेऊन उभी आहे. तिला बॅच नंबर, तारीख, पुडी कुठे परत करायची आणि पैसे कसे मिळणार, एवढंच हवंय. सिंगापूरच्या यंत्रणेने तर त्याच निवेदनात कमी प्रमाणामुळे लगेच धोका नाही, पण दीर्घकाळ पोटात जाऊ नये, असं सरळ भाषेत लिहिलं होतं. सरकार इतकं नेमकं बोलत असताना कंपनीने मोघम बोललेलं फार वाईट दिसतं.

म्हणून तुमचा ‘क्रायसिस प्लॅन’ म्हणजे मुळात कपाटातली फाइल. प्रत्येक बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल, कुठली बॅच कोणत्या देशात कोणाकडे गेली त्याची यादी, प्रत्येक देशातली मर्यादा (त्या सगळीकडे सारख्या नाहीत), आणि तिथल्या आयातदाराचा रात्री उचलला जाणारा फोन. यातलं काही नसेल तर मी काय, कोणीही तुम्हाला वाचवू शकणार नाही.

आता वाकण्याचं. तुमच्या मुलाला २ ऑक्टोबर २०२३ ची टोकियोतली पत्रकार परिषद सांगा. जॉनीज ही तिथली तेव्हाची बलाढ्य मनोरंजन कंपनी. तिच्या दिवंगत संस्थापकाने मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं कंपनीने सप्टेंबरमध्ये कबूल केलं होतं. ऑक्टोबरची परिषद सारवासारव संपवून नवी सुरुवात दाखवण्यासाठी होती. गंभीर चेहरे, काळे सूट, एका माध्यमाला एकच प्रश्न. दोन दिवसांनी एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीने दाखवलं की संयोजकांच्या हातात एक यादी होती. कोणत्या बातमीदारांना प्रश्न विचारू द्यायचा नाही त्यांची, फोटोंसकट. ती परिषद चालवणाऱ्या सल्लागार कंपनीनेच बनवलेली. झालं, आधीची सगळी माफी धुऊन निघाली. माझ्या व्यवसायातल्या कोणीतरी ती यादी बनवली, कोणीतरी तपासली, आणि कोणीतरी ती फाइल हातात धरून त्या सभागृहात उभं राहिलं. मला त्या परिषदेतलं हेच सगळ्यात जास्त खुपतं.

एका देशातली माफी दुसऱ्या देशात तशीच चालत नाही, हेही लक्षात घ्या. सॅमसंगचे नोट ७ फोन २०१६ मध्ये पेटायला लागले तेव्हा कंपनीने तत्परतेने फोन परत घेतले, पण चीनमधले जवळजवळ सगळे वगळले, कारण तिथल्या फोनची बॅटरी दुसऱ्या कारखान्याची होती. इंजिनिअरच्या दृष्टीने तेव्हा बरोबर. चिनी गिऱ्हाईकाने त्याचा अर्थ ‘आम्ही दुय्यम’ असा लावला. पुढे ती बॅटरीही सदोष निघाली आणि ऑक्टोबरमध्ये फोनच बंद करावा लागला.

आपल्याकडचं जुनं उदाहरण जास्त उपयोगी पडेल. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीने सुरुवातीला दुकानदारांच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने विचारलं, मग तुमचं वेष्टन काय करत होतं? कंपनीने शेवटी वेष्टन बदललं, हवाबंद केलं, दुकानदारांसाठी ‘विश्वास’ नावाची मोहीम काढली, आणि त्यानंतर जानेवारीत अमिताभ बच्चन आले. लोकांना बच्चन आठवतात. पण नवीन वेष्टनाआधी ते आले असते तर हसं झालं असतं.

तेव्हा वकिलांना सांगा, दोषाची कबुली द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा, पण ‘आम्हाला वाईट वाटतं, माल परत आणा, पैसे देतो’ यातला एकही शब्द कापायचा नाही. मसुदा आत्ताच, डोकं थंड असताना, दोघांनी बसून करा. संकटाच्या रात्री वकील आणि मुलगा दोघेही तुमचं ऐकणार नाहीत.

क्लायंट दर महिन्याला विचारतो, ‘बातमी छापून आली ती जागा जाहिरात म्हणून घेतली असती तर किती रुपये पडले असते?’ तो आकडा तीनने गुणून अहवालात घाला म्हणतो. काय करू? — मुंबई

घालू नका. २०१० मध्ये बार्सिलोनात या धंद्यातल्या मोजमाप करणाऱ्यांनी एकत्र बसून, जाहिरातीच्या दराने बातमी मोजणं चुकीचं आहे असं लेखी ठरवलं, तरी हा आकडा मरत नाही. कारण क्लायंटकडच्या मॅनेजरला तो वरच्या साहेबाला दाखवायचा असतो. त्याला दुसरं काहीतरी दाखवायला द्या. बातमीनंतर डीलरकडे किती फोन आले, चुकीची माहिती किती ठिकाणी दुरुस्त झाली, कोणत्या बातमीदाराने स्वतःहून फोन केला. आणि ‘तीनने गुणून’ तर कशासाठी, हे त्यालाच विचारा. मला आजवर कोणी उत्तर दिलेलं नाही.

मॅडम, आपला लेख वाचला. मी निवृत्त शिक्षक, गुहागर तालुक्यातला. एन्रॉन ही अमेरिकन कंपनी वीजप्रकल्प घेऊन आमच्या दाराशी आली तेव्हा तुमच्यासारखेच इस्त्रीचे कपडे घातलेले लोक आम्हाला समजवायला आले होते. आमचं ‘शिक्षण’ करायला म्हणे कोट्यवधी डॉलर खर्च झाले. मी आयुष्यभर शिकवलं, मला असा पगार कोणी दिला नाही. तुमचा धंदा म्हणजे पैसेवाल्यांच्या खोट्याला मुलामा देणं, यापलीकडे काही असल्यास सांगावे. — गुहागर

सर, नमस्कार. पगाराचं वाक्य मी इथल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवलं.

तुम्ही म्हणता तो आकडा कागदोपत्री आहे. १९९५ च्या जानेवारीत एन्रॉनच्या एका उपाध्यक्ष बाईंनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं, की या ‘शिक्षणावर’ आणि प्रकल्प जुळवण्याच्या प्रक्रियेवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर घातले. त्यांना ते वॉशिंग्टनच्या खासदारांना प्रभावित करायला सांगायचं होतं. ते ऐकलं महाराष्ट्राने, निवडणुकीच्या तोंडावर. इथे ‘शिक्षण’ याचा अर्थ काय लावला गेला ते तुम्हाला मी सांगायला नको. वकील, बँकवाले, अभियंते यांच्यावर तो खर्च झाल्याचं कंपनी पुढे सांगत राहिली, कोणी ऐकलं नाही. त्या ऑगस्टमध्ये युती सरकारने करार रद्द केला, नंतर वाटाघाटी करून पुन्हा केला.

पण तुमचा मुद्दा त्या वाक्यापुरता नाही, हे मला कळतं. जून १९९७ मध्ये प्रकल्पाशेजारच्या वेलदूरच्या कोळीवाड्यात पहाटे पोलीस घुसले, बायकांना मारहाण झाली. १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने त्यावर अख्खा अहवाल काढला. ज्या विजेचा दर राज्याच्या वीज मंडळाला परवडत नाही आणि ज्या प्रकल्पासाठी गावकऱ्यांवर लाठी चालते, त्याच्यासाठी कितीही चांगली प्रेस नोट लिहिली तरी ती खोटीच राहणार. अशा वेळी सल्लागाराने क्लायंटला एकच गोष्ट सांगायची असते, की तुमची अडचण संवादाची नाही, कराराची आहे. ते सांगणारे फार थोडे, कारण ते सांगितल्यावर रिटेनर, म्हणजे दरमहाची ठरलेली फी, बंद होतो.

तुमच्या बाजूने आणखी पुरावा हवा असेल तर मीच देते. भोपाळनंतर युनियन कार्बाइडने बर्सन-मार्स्टेलर ही त्या काळची दादा पीआर कंपनी नेमली होती. मलेशिया सरकारकडून पैसे घेणाऱ्या लंडनच्या एका कंपनीने बीबीसीसाठी मलेशियावर कार्यक्रम बनवले. प्रेक्षकांना यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि २०१२ च्या फेब्रुवारीत बीबीसी वर्ल्ड न्यूजला जाहीर माफी मागावी लागली. सरकारांची कामं मी घेत नाही, ती यामुळेच. पैसे कोणाचे आहेत हे बातमीत सांगायला क्लायंटची हरकत असेल, तर ते कामही घेत नाही. यामुळे मी संत ठरत नाही. माझे बहुतेक क्लायंट कंप्रेसर आणि हॉस्पिटलची यंत्रं विकतात, त्यामुळे असा प्रसंग रोज येत नाही एवढंच.

मुलाम्यापलीकडे काय, असं विचारलंत. कालचंच सांगते. एका युरोपीय कंपनीला व्हिएतनाममधला कारखाना बंद करायचा आहे. मसुद्यात कामगारांचा उल्लेख चौथ्या परिच्छेदात, ‘पुनर्रचना’ या शब्दाखाली होता. आम्ही लिहून पाठवलं, की बातमी देण्याआधी कामगारांना सांगा, त्यांच्या भाषेत, आणि भरपाईचा आकडा पहिल्या परिच्छेदात आणा. नाहीतर ही नोट आमच्याकडून जाणार नाही. आकडा वर आला, तारीख दोन आठवडे पुढे गेली. कारखाना बंद होतोच आहे. तो वाचवणं माझ्या हातात नव्हतं. तुम्हाला एवढं पुरेसं वाटेल असा माझा दावा नाही. अंजनवेलला येणं झालं तर भेटायला नक्की येईन, इस्त्रीचे कपडे न घालता.

मी डोंबिवलीत घरून काम करते. सिंगापूरच्या एका एजन्सीसाठी भारतातल्या बातम्यांचं ट्रॅकिंग आणि मराठी-हिंदी प्रेस नोट करते. पैसे डॉलरमध्ये येतात. जीएसटी लागतो का? आणि दर तासाचा सांगू की महिन्याचा? — डोंबिवली

वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवा देणाऱ्याला सहसा नोंदणीची सक्ती नाही. वर गेलात तर नोंदणी करावी लागते, पण तुमची सेवा निर्यात ठरत असेल तर आरएफडी-११ या फॉर्मवर हमीपत्र भरून करच न लावता बिल करता येतं. ते दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं, लोक हेच विसरतात. पैसे परकीय चलनात बँकेत आल्याचा दाखला जपून ठेवा. तुमची कामं निर्यातीच्या व्याख्येत बसतात ना, ते एकदा सीएकडून लेखी घ्या. आयकर वेगळा, तो आहेच.

दर महिन्याचा सांगा, आणि त्यात किती नोटा, किती भाषा, किती वेळा दुरुस्ती हे लिहा. तासाचा दर सांगितलात तर रात्री ११ ला आलेला ‘फक्त पाच मिनिटांचं काम आहे’ हा मेसेज फुकटात जातो. ट्रॅकिंग सकाळी ९ पर्यंत हवं असेल तर तेही करारात येऊ द्या, कारण सिंगापूरचे ९ म्हणजे डोंबिवलीचे साडेसहा.